बंद भट्टीची ऊब

१

"ओडी" म्हटल्याशिवाय मी कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही. आमच्याकडे कुणीच ठेवत नाही. बाहेर उभं राहून "ओडी" म्हणायचं, आतून "ओडिनी" आलं की मगच शिरायचं. उत्तर नाही आलं तर आपलं तोंड घेऊन परत जायचं, आतली माणसं खिडकीतून दिसत का असेनात. पण मला ही खोड जरा जास्तच. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालतानाही तोंडातून निघून जातं. पॉवरहाऊसचं कुलूप मीच काढते, आत चिटपाखरू नसतं, तरी "ओडी". आणि भट्टीच्या दारात तर रोज.

"म्हणा, म्हणा," भट्टीवरचा वायसन हसायचा. "नाहीतर यंत्रं लाजतील."

मी लायनेस मुहिवा. गाव मला आमायी म्हणतं, म्हणजे आई. मुलांजेच्या डोंगरातून आमच्या गावावर जो ओढा उतरतो, त्यावरच्या विजेची राखण माझ्याकडे. सकाळी वर बंधाऱ्यावर जायचं, जाळीत अडकलेला पाला काढायचा, मग खाली पॉवरहाऊसात येऊन तीन काटे बघायचे. एक गावाचा, एक दवाखान्याचा, एक भट्टीचा. वीज कुणीकडे किती जाते ते त्यावर कळतं. मग गावात फेरी, म्हणजे भांडण.

"टीव्ही बंद केलाय म्हणता ना? मग हा लाल डोळा कशाला उघडा?"

"आमायी, तो झोपलाय."

"झोपला नाही तो. रिमोटची हाक कधी येतेय म्हणून कान टवकारून बसलाय. आणि बसल्याबसल्या खातोय!"

मी दिसले की बाया ओरडायच्या, "आली गं आली लाल दिव्याची सवत! झाका!" आणि वर टोमणा, "तुझी भट्टी एवढं गिळते ते दिसत नाही, आमचा एक ठिपका दिसतो."

टोमणा खोटा नव्हता. भट्टी म्हणजे पॉवरहाऊसच्या वरच्या अंगाला ठेवलेला लांबडा लोखंडी कंटेनर. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा. आमची उरलेली वीज तो घेणार आणि त्या बदल्यात वरच्या वाडीला खांब मिळणार, असं ठरलं होतं. खांब मिळाले. आत नुसती यंत्रं, मांडणीवर मांडणी, आणि त्यांचा सगळ्यांचा मिळून एकच घूं आवाज. एक भिंत पूर्ण पंख्यांची. आतली गरम हवा ते बाहेर फेकायचे.

"ही करतात तरी काय रे?" मी वायसनला एकदा विचारलं. तो कंपनीचा माणूस, लिंबे शहरातला, यंत्रं सांभाळायला आलेला.

"आकडा ओळखतात, आमायी. बिटकॉइन काढतात."

"कुणाच्या मनातला आकडा?"

"कुणाच्याच नाही. अंदाज करायचा. चुकला की दुसरा. जगभर अशी यंत्रं आहेत, सगळी एकाच आकड्याच्या मागे."

"आणि सापडला की?"

"मग नवा आकडा."

"आणि ज्यांना सापडला नाही, त्यांनी खाल्लेल्या विजेचं काय?"

त्याने पंख्यांकडे बोट दाखवलं. "ही काय, गरम हवा."

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, ती हवा कुणाला नको होती? थंडीत अर्ध्या गावाचे कपडे तिथे वाळायचे. कसावाच्या फोडी, लहान मुलांची दुपटी, सगळं. आणि म्हातारी आगोगो नासिबेको तर सकाळी मक्याच्या थोब्वाचा पेला घेऊन पंख्यांसमोर बसायची ती दुपारी उठायची.

२

यंदा चिपेरोनी आला तो मुक्कामालाच. तुम्हाला सांगायचं तर ते धुकंही नाही आणि पाऊसही नाही. गार भुरभुर असते, अंगावरून जात नाही. भिजवतो सगळं, ओढ्यात मात्र पाणी म्हणून टाकत नाही. सूर्याचं तोंड कुणी बघितलं नव्हतं.

त्यातच माझी लेक मेलिफा वेळेआधी बाळंत झाली. मुलगा. माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढा. मेलिफाला मागोमाग ताप भरला. दवाखान्यात सिस्टर अनाफी एकटीच असते, पण तिच्याकडे विजेवर तापणारा एक पाळणा आहे. त्यात त्याला ठेवलं.

"लायनेस, औषधाचं काही नाही ह्यात," सिस्टर म्हणाली. "ह्याला फक्त ऊब पाहिजे. ऊब तुटली की माझ्या हातात काही राहणार नाही. खालचा रस्ता खचलाय, गाडी येणार नाही. कळतंय ना?"

कळत होतं. माझ्याच विजेवर माझा नातू जगणार होता. आणि ओढा आटत चालला होता.

मी समितीपुढे कडाकडा भांडले. "पाणी येईपर्यंत भट्टी बंद. दवाखाना आधी. कुणाला काही म्हणायचंय?" कुणालाच नव्हतं. वायसननेही हुज्जत घातली नाही. त्याने माझ्यादेखत आतला मोठा खटका खाली पाडला. घूं आवाज उतरत उतरत गेला, पंख्यांची पाती फिरायची थांबली, आणि त्या जागेवरून मला पहिल्यांदाच ओढा ऐकू आला. बरं वाटलं. दार लावून घेतलं, वायसन मागच्या बाजूला काहीतरी आवरून आला, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मोटारसायकलवरून लिंबेला निघून गेला.

"यंत्रांना माझा नमस्कार सांगा, आमायी."

"सांगते. बघ उत्तर देतात का," मी म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी काटे बघितले. गाव नेहमीसारखं. दवाखाना ठीक. भट्टीचा काटा तळाला टेकलेला हवा होता, तो टेकला नव्हता. फार नाही, बोटाच्या पेराएवढा वर होता.

मी काचेवर टिचकी मारली. हलला नाही. म्हटलं, काहीतरी लाल डोळा उघडा राहिलाय, दुसरं काय. दुसऱ्यांना शहाणपण शिकवते आणि माझ्याच पदरात हे! तणतणत चढ चढले.

"ओडी," भट्टीच्या दारात म्हटलं. सवयीनं.

"ओडिनी," आतून आलं.

मला हसूच आलं. "मेल्या, गेला नाहीस होय?" म्हणत मी कुलूप काढलं. हो, कुलूप. बाहेरून लावलेलं. ते मी माझ्या हातानं काढत होते आणि तरी मला काही खटकलं नाही. दार उघडलं तेव्हा खटकलं.

आत कुणी नव्हतं. खटका खाली पडलेला होता. यंत्रं गप्प होती. पण प्रत्येक यंत्राच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता. शेवटच्या मांडणीपर्यंत, खाली जमिनीलगत, वर छताला. आणि आतली हवा उबदार होती, रात्रभर माणसं झोपून उठलेल्या खोलीत असते तशी.

मी दार लावलं. लगेच नाही पळाले, खोटं कशाला सांगू, पण भरभर चालले. चालताना स्वतःला समजावत होते की पत्रा गार पडताना आकसतो, आकसताना करकरतो. पंख्याचं पातं कुरकुरलं असेल. आता पत्रा करकरतो हे बरोबर, पण पत्रा "ओडिनी" म्हणत नाही. मग माझ्याच आवाजाचा पडसाद असेल. पण मी "ओडी" म्हटलं होतं. पडसाद पुढचा शब्द कुठून आणेल?

वायसनला फोन लावला. "अरे, भट्टीत वीज जातेय."

"काय सांगता? काटा अडकला असेल."

"लाल दिवे लागलेत आत. मी बघितले."

"अहो आमायी, कसं शक्य आहे? मी तर जाताना..." आणि आवाज गेला. चिपेरोनीत आमच्याकडे फोन असाच जातो.

४

त्या दुपारी सिस्टर अनाफी दवाखान्याच्या दारात येऊन ओरडली. पाळणा पुरेसा तापत नव्हता. दिवा पिवळा पडला होता.

मी धावत काटे बघायला गेले. भट्टीचा काटा आता हातभर चढल्यासारखा वाटला मला. घाबरलेल्या डोळ्यांना काय, काहीही मोठं दिसतं. पण चढला होता. म्हटलं, भट्टीचं मागून बघू, आधी गावातली वीज वाचवू. आणि मी घरोघर सुटले.

"ओडी!"

"ओडिनी! या आमायी, न्सिमा खाऊन..."

"न्सिमा राहू दे, बांबो सायझी. टीव्हीची पिन काढा. फोन काढा. रेडिओ काढा."

"रेडिओ बंदच आहे की."

"बंद आहे तर हे काय? काय आहे हे?"

सायझीने लाल ठिपक्याकडे बघून डोकं खाजवलं. "अहो, आता एवढ्याशा दिव्यानं काय होतंय?"

"माझा नातू मरतोय!" मी किंचाळले. माझा आवाज असा कधी फुटला नव्हता.

बिचारा उठला आणि त्याने सगळ्या पिना काढल्या. नुसत्या स्वतःच्या नाही, शेजारच्या घरातही जाऊन काढल्या. मग बायाही निघाल्या. ज्या मला सवत म्हणायच्या त्याच दारोदार "काढा गं, काढा" म्हणत फिरल्या. दिवे, इस्त्री, दुकानातला थंड पेयांचा फ्रीज, सगळं. मला रडू आवरेना. आमचं गाव तोंडाळ आहे, पण वाईट नाही.

मी पॉवरहाऊसात परत आले. गावाचा काटा तळाला गेला होता. आणि गावाचा जेवढा उतरला होता, तेवढाच भट्टीचा चढला होता. दवाखाना होता तिथेच, मरगळलेला.

मी खूप वेळ त्या तीन काचांसमोर उभी होते. माझं डोकं चालेना. वीज उरली तर उरलेली दिसायला हवी, ती अशी उठून तिकडे जात नाही. तिला कुणी बोलावल्याशिवाय.

वर गेले तर धुक्यात आगोगो नासिबेको बसलेली. पेला हातात, पाय पसरलेले, तोंड पंख्यांकडे.

"आगोगो! इथे काय करताय?"

"ओरडतेस काय? शेकतेय."

"भट्टी बंद आहे!"

"बंद असती तर मी काय खुळी म्हणून बसलेय?"

मी तिच्या बाजूला गेले आणि तो वारा माझ्या ओल्या अंगावर आला. गरम. नेहमीसारखाच गरम. मी पंख्यांकडे बघितलं. पाती हलत नव्हती. डोळे पुसून परत बघितलं. पाती जागच्या जागी होती, एका पात्यावर कोळ्यानं धागा टाकला होता, तो ताणलेला होता. आणि वारा येत होता.

"चला, उठा," मी म्हटलं. "उठा आधी."

"अगं, बरे आहेत ते. मघाशी विचारलं त्यांनी. ओडी म्हणाले. मी म्हटलं, ओडिनी."

"कोण त्यांनी?"

"मला काय ठाऊक? डोळे गेलेत माझे, रीत नाही गेली. कुणी विचारलं तर हो म्हणू नये का?"

मी तिचा हात धरून तिला उठवलं. हात चुलीवरून उतरवलेल्या पातेल्याएवढा तापला होता. मला चटका बसला. तिला काहीच वाटत नव्हतं. छान हसत होती.

५

पहाटेचं उजाडत होतं तेव्हा पाळणा पूर्ण गार झाला.

सिस्टरने बाळाला माझ्या छातीशी दिलं, कातडीला कातडी लावून, वरून चितेंजेचं कापड घट्ट गुंडाळून बांधलं. "तुझ्या अंगाची ऊब दे त्याला," ती म्हणाली. पण माझ्या अंगात ऊब कुठे होती? दोन दिवस मी भिजत फिरत होते. माझेच दात वाजत होते. बाळाचे ओठ जांभळे पडले होते. ते रडत नव्हतं. रडलं असतं तर बरं झालं असतं. मेलिफा तापातून हाक मारत होती, "आई, कसा आहे गं? कसा आहे?" मी म्हटलं, "झोपलाय." आणि मी बाहेर पडले.

कुठे जायचं हे मी ठरवलं नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी सरळ चढ चढले. चुलीचा धूर त्याला चालला नसता आणि गावात दुसरी ऊब नव्हती. यंत्र म्हणजे यंत्र, मी म्हणत होते. गरम हवा म्हणजे गरम हवा. कुठून का येईना.

पंख्यांसमोर उभी राहिले. वारा आला. चितेंजे वाळलं. माझी पाठ, माझे खांदे, बोटं, एकेक करून माझं मला परत मिळाल्यासारखं झालं. मी कापड जरासं उघडून आत बघितलं. त्याचे ओठ तपकिरी होत होते. नाकपुड्या हलल्या. मी देवाचं नाव घेतलं, सिस्टरचं घेतलं, सगळ्यांचं घेतलं.

तेव्हा पंख्यांच्या जाळीच्या आतून कुणीतरी म्हणालं, "ओडी."

मोठ्यानं नाही. दार वाजवायला संकोचणारा पाहुणा म्हणतो तसं. बाई नाही, पुरुष नाही. त्या शब्दाखाली तो जुना घूं होता, अगदी तळाशी.

आता तुम्हीच सांगा. ते आत होते आणि मी बाहेर. आतला माणूस बाहेरच्याला "ओडी" म्हणतो का? कुठे यायचं होतं त्यांना? माझ्यापलीकडे तर धुकंच होतं. हे सगळं मला सुचलं, पण मागून. त्या वेळी वारा जरा मंदावला. जरासाच. आणि बाळाची मूठ माझ्या छातीवर आखडली.

"ओडिनी," मी म्हणाले.

सवयीनं म्हणाले की भीतीनं की त्याच्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. जन्मभर जे तोंडाला लागलंय ते तोंडानं केलं. वारा थांबला. एकदम. आणि बाळ रडलं, खणखणीत, भरल्या पोटाच्या मुलासारखं.

६

त्यानंतर त्याला कधी गार लागलं नाही.

सिस्टर थर्मामीटर बघायची, झटकायची, परत लावायची. "चांगलंच आहे," म्हणायची, पण कपाळावरची आठी जायची नाही. ते दूध ओढायला लागलं. बाळसं धरायला लागलं. मेलिफाचा ताप उतरला, आम्ही घरी आलो. मेलिफा त्याला घ्यायची, पण तो तिच्याकडे रडायचा आणि माझ्या छातीशी आला की गप्प व्हायचा. गप्प व्हायचा, झोपायचा नाही. मी जेव्हा जेव्हा कापडात डोकावले, डोळे उघडे होते. इकडेतिकडे बघत नव्हते, नुसते उघडे.

"तुझ्यासारखाच आहे," मेलिफा हसली. "पहारा करतोय."

आगोगो नासिबेकोचंही तसंच झालं होतं. दिवसभर पडवीत बसून असते, तिची सून सांगत होती, पांघरूण नको म्हणते, आडवी होत नाही. रस्त्यावरून कुणी खोकलं तरी आतून लगेच, "ओडिनी".

मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मी बंधाऱ्यावर गेले आणि पाण्याचं दार खाली सोडलं. टर्बाइन थांबलं. गावात कुणी कुरकुरलं नाही, पिना तर काढलेल्याच होत्या. मी पॉवरहाऊसात काट्यांकडे बघायला गेले नाही. धीर झाला नाही.

वायसन परत आला तो चिखलानं माखून. त्याच्याबरोबर मी भट्टीपाशी गेले, बाळ छातीशी बांधलेलंच. त्याने दार उघडलं, मी उंबऱ्याबाहेर थांबले. ह्या वेळी मी काही म्हटलं नाही.

"दिवे कुठायत आमायी?"

नव्हते. आत अंधार आणि ओलसर गारवा. यंत्रांवर बुरशीचा पापुद्रा आला होता.

"होते," मी म्हटलं.

"अहो, कसे असतील?" तो मला मागच्या बाजूला घेऊन गेला. गवतात मनगटाएवढी जाड केबल वेटोळं करून पडली होती, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. "मी जाताना तारच काढून ठेवली होती. विजा पडतात म्हणून. फोनवर तेच सांगत होतो. भट्टीत वीज जायला वाटच नव्हती."

"मग काटा काय दाखवत होता?"

"चला, बघू."

पॉवरहाऊसात टर्बाइन गप्प होतं. वायसन काचांसमोर वाकला. मी त्याच्या पाठीमागे होते, त्याच्या खांद्याआडून मला नीट दिसत नव्हतं. त्याने काचेवर टिचकी मारली. मग वळून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या छातीवरच्या कापडाकडे.

"आमायी, जरा बाहेर जाता?"

मी बाहेर गेले.

"आता आत या."

मी आत आले.

"पुन्हा एकदा बाहेर... थोडं लांब, त्या झाडापर्यंत."

मी झाडापर्यंत गेले आणि परत आले. वायसन दारात उभा होता आणि त्याने दार स्वतःच्या पाठीनं झाकून धरलं होतं.

"काय रे? काय दिसलं?"

"काही नाही. काटा अडकलाय."

"बाजूला हो. मला बघू दे."

"अडकलाय म्हटलं ना!" तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. लगेच त्याचा आवाज खाली आला. "बाळ कसं आहे, आमायी? बरं आहे ना? मग झालं तर. बरं आहे ना बाळ?"

चहा न घेताच तो गेला. भट्टीचं दार उघडंच टाकून.

७

त्याच दिवशी दुपारी मी घरातलं होतं नव्हतं ते सगळं पुन्हा तपासलं. टीव्हीची तार गुंडाळून पेटीत टाकली. रेडिओतल्या बॅटऱ्या काढल्या. मेलिफाचा फोन बंद करून त्याची बॅटरीही काढली. पाणी बंद, टर्बाइन बंद, तारांत काही नाही. आता घरात हाकेची वाट बघत बसलेलं काहीही उरलं नव्हतं. दाराला आतून कडी घातली.

"आई, तुला झालंय काय?" मेलिफा लापशी खात होती.

"खा तू."

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. कोंबड्या गप्प होत्या. कापडात माझ्या छातीशी ते ऊबदार ओझं होतं आणि मी येरझारा घालत होते. किती बरं वाटत होतं त्या उबेनं! हे मला सांगितलंच पाहिजे. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

"ओडी," दाराबाहेरून आलं.

मेलिफाचं तोंड उत्तरासाठी उघडलं. मी झेप घेऊन त्यावर हात ठेवला. वाडगा लवंडला. तिचे डोळे मोठे झाले, पण माझा चेहरा बघून ती हलली नाही.

"ओडी." त्या शब्दाखाली घूं होता. आमच्या पडवीत, दाराच्या फळीपलीकडे.

उत्तर नाही दिलं तर पाहुणा परत जातो. आमच्याकडे जबरदस्तीनं कुणी शिरत नाही, चोरसुद्धा आधी हाक मारून बघतात असं आम्ही थट्टेनं म्हणतो. मी माझे ओठ दातांत धरले. रक्ताची चव आली तरी सोडले नाहीत. मेलिफाच्या तोंडावरचा हात तसाच होता. आम्ही दोघींनी श्वास धरला होता. घरात बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ओडी?"

मग बराच वेळ काही नाही. पडवीच्या मातीवर काहीतरी सरकलं, वळल्यासारखं. गेलं, मला वाटलं. गेलं रे देवा. माझा हात मेलिफाच्या तोंडावरून ढिला पडला.

"ओडिनी."

आवाज बारीक होता. ओला, नुकता शिकलेला. मी मेलिफाकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. खाली बघत होती, माझ्या छातीवरच्या कापडाकडे.

दाराची कडी आतून वर उचलली गेली.

मी कापडाची गाठ सोडली नाही. दोन्ही हातांनी त्याला अजून घट्ट धरलं. उघड्या दारातून गार हवा येत होती, आणि त्याला कुठे ठेवायचं ते मला कळेना.